व्हिडिओ गेममध्ये चित्रपट करणारा छोटा हौशी स्टुडिओ: उभारणीपासून प्रकाशनापर्यंत

व्हिडिओ गेममधील रस्ते, इमारती, प्रकाश आणि पात्रे यांचा रंगमंचासारखा उपयोग करून त्यात गोष्ट चित्रित करण्याच्या कलेला मशीनिमा म्हणतात. हा प्रकार वाटतो तेवढा नवा नाही. क्वेक हा गेम जून १९९६ मध्ये आला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये खेळाडूंच्या एका गटाने त्यात सुमारे दीड मिनिटाचा लघुपट केला. तो पाहायचा तर प्रेक्षकाकडेही क्वेक असावा लागे, कारण त्या फाइलमध्ये चित्र नव्हते. पात्रांच्या हालचालींची नोंद होती आणि ती नोंद वाचून गेमच प्रेक्षकासमोर तो प्रसंग पुन्हा उभा करत असे. आज ती अट उरलेली नाही आणि लागणारी बहुतेक साधने फुकट मिळतात. तरीही माझ्या पाहण्यात जे गट मध्येच थांबले, त्यांतले बहुतेक दोनच कारणांनी थांबले: एक तर गेमला न झेपणारी गोष्ट त्यांनी लिहिली, किंवा आवाजाचे काम शेवटावर टाकले. या लेखातील क्रम या दोन चुका टाळण्यासाठी बेतलेला आहे, त्यामुळे तो काहींना उलटा वाटेल. आधी गेमची परीक्षा, मग संहिता, मग आवाज, आणि हे सगळे झाल्यावर चित्रीकरण.

गेमची परीक्षा

आपल्याला आवडणारा गेम आणि चित्रीकरणाला सोयीचा गेम हे एकच असतील असे नाही. म्हणून निवड करण्यापूर्वी दोघांनी मिळून एक संध्याकाळ केवळ परीक्षेसाठी द्यावी आणि चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे पडदा स्वच्छ करता येतो का. गुण, छोटा नकाशा, आरोग्यपट्टी, नेम धरण्याची खूण आणि पात्रांच्या डोक्यावर तरंगणारी नावे लपवता आली नाहीत, तर प्रेक्षकाला आपण कोणाचा तरी खेळ पाहत आहोत असेच वाटत राहते. माइनक्राफ्टमध्ये एफ-१ ही एक कळ दाबली की पडद्यावरील पट्ट्या आणि खुणा नाहीशा होतात. इतर गेममध्ये ही सोय सेटिंगमध्ये, कन्सोलच्या (गेममध्ये आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीच्या) आज्ञांमध्ये किंवा एखाद्या मॉडमध्ये, म्हणजे खेळाडूंनी गेममध्ये बदल करण्यासाठी केलेल्या जोड-प्रोग्रॅममध्ये, सापडते. दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. कॅमेरा पात्रापासून सुटा करून हवेत कुठेही नेता येतो, की एखाद्या खेळाडूच्या डोळ्यांनीच सगळे पाहावे लागते, यावर पुढची सगळी दृश्यरचना ठरते. तिसरी गोष्ट पात्रांच्या देहबोलीची आहे. पात्र शस्त्र न रोखता नुसते उभे राहू शकते का, बसू शकते का, मान वळवू शकते का, हात हलवू शकते का, दार उघडू शकते का, एखादी वस्तू दुसऱ्याच्या हातात देऊ शकते का? चौथी गोष्ट म्हणजे पुनरावृत्ती. सकाळचा प्रकाश गोठवून ठेवता येतो का, पाऊस बंद करता येतो का, मधेच एखादा शत्रू येऊन दृश्य उधळणार नाही याची खात्री देता येते का, हे पाहावे.

यांपैकी तिसरी परीक्षा नवखे गट हमखास विसरतात, आणि पुढे घोडे नेमके तिथेच पेंड खाते. एप्रिल २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘रेड व्हर्सेस ब्लू’ या प्रसिद्ध मालिकेचे उदाहरण इथे उपयोगी आहे. ती पहिल्या हेलो गेममध्ये चित्रित होत असे आणि त्या गेममधील सैनिक सदैव बंदूक रोखून उभे असत, त्यामुळे दोन मित्र गप्पा मारत आहेत असे दृश्य दाखवणेच अशक्य होते. कर्त्यांना गेममधील एक दोष सापडला: हातात पिस्तूल असताना खेळाडूने खाली जमिनीकडे पाहिले, तर इतरांना त्याचे पात्र शस्त्र खाली करून समोर पाहत असल्यासारखे दिसे. त्या दोषावर मालिकेचा संवादप्रधान बाज उभा राहिला, आणि पुढे हेलो २ मध्ये शस्त्र खाली घेण्याची आज्ञा निर्मात्यांनी मुद्दाम घातली. आपल्या गेममध्येही असा एखादा दोष, एखादी विचित्र सवय असते. ती शोधण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

परीक्षेतून चित्रीकरणाची पद्धतही ठरते. पहिली पद्धत कळसूत्री बाहुल्यांसारखी आहे: प्रत्येक पात्र एक माणूस चालवतो, आणखी एक खेळाडू कॅमेरा होतो आणि जे घडेल ते थेट मुद्रित (रेकॉर्ड) होते. दुसऱ्या पद्धतीत प्रसंग एकदा खेळून घेतात आणि मग गेमच्याच पुनर्दर्शनाच्या सोयीत शिरून कॅमेरा हवा तिथून फिरवतात. हेलो ३ मध्ये २००७ साली थिएटर या नावाने अशी सोय आली, जीटीए ५ च्या संगणक आवृत्तीत २०१५ साली रॉकस्टार एडिटर आला आणि माइनक्राफ्टसाठी रीप्ले मॉड आहे. तिसरी पद्धत अॅनिमेशनच्या जवळ जाते. व्हॉल्व्ह या गेम कंपनीने २०१२ मध्ये फुकट उपलब्ध केलेल्या सोर्स फिल्ममेकरमध्ये पात्राची भुवईसुद्धा हवी तशी वाकवता येते, पण एका मिनिटाच्या दृश्याला आठवडे लागू शकतात. नव्या गटाने दुसरी पद्धत मिळत असेल तर तीच घ्यावी. ती नसेल तर पहिली घ्यावी. तिसरीकडे मात्र किमान एक चित्रपट हातावेगळा केल्याशिवाय वळू नये.

परवानगीचा प्रश्न

गेममधील चित्रे, पात्रे, आवाज आणि संगीत यांवर निर्मात्या कंपनीचा हक्क असतो आणि आपण गेम विकत घेतला म्हणून तो हक्क आपल्याकडे येत नाही. सुदैवाने अनेक कंपन्यांनी या प्रकारच्या निर्मितीसाठी लेखी नियम जाहीर केलेले आहेत; मायक्रोसॉफ्ट आणि ब्लिझार्ड यांनी तसे ते २००७ मध्येच केले. नियमांचा गाभा बहुधा सारखा असतो: चित्रपट विकू नये, तो पाहण्यासाठी पैसे आकारू नयेत आणि तो कंपनीनेच केला आहे असा भास निर्माण करू नये. व्हिडिओ संकेतस्थळावरील जाहिरातींचा वाटा घेण्यास काही कंपन्या परवानगी देतात, तर देणगी, प्रायोजक किंवा स्पर्धेचे बक्षीस यांबाबत प्रत्येकीची भूमिका वेगळी असते. त्यामुळे आपण निवडलेल्या गेमचे नियम कंपनीच्या स्वतःच्या पानावर वाचावेत, वाचल्याच्या तारखेसह त्याची प्रत प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि शंका असल्यास कंपनीला लिहून विचारावे. मॉड वापरला असेल तर तो करणाऱ्याची परवानगी वेगळी लागते, हेही लक्षात असू द्यावे.

सर्वांत मोठा धोका संगीताचा असतो. गाडीतल्या रेडिओवर वाजणारी गाणी गेम कंपनीने दुसऱ्या कोणाकडून तरी केवळ गेमपुरती घेतलेली असतात, आणि ती परवानगी कंपनी आपल्याला देऊच शकत नाही. प्रकाशनानंतर काही मिनिटांत संकेतस्थळाची स्वयंचलित यंत्रणा असे गाणे ओळखते. म्हणून गेममधील संगीताचा आवाज पहिल्या दिवसापासून शून्यावर ठेवावा आणि चित्रपटासाठी संगीत वेगळे आणावे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालील, म्हणजे कर्त्याने ठराविक अटींवर सर्वांना वापरायला दिलेले संगीत घेताना ‘बीवाय’ असेल तर श्रेय द्यावे लागते, ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर चालत नाही, आणि ‘एनडी’ असेल तर त्यात फेरफार करता येत नाही. चित्राशी जोडून वाजवणे हाही फेरफारच धरला जातो, म्हणून ‘एनडी’ची वाट सोडून द्यावी.

माणसे आणि कामांची वाटणी

चार ते सहा माणसांचा गट पुरतो. एकाने संहिता आणि दिग्दर्शन, एकाने कॅमेरा, एकाने आवाज आणि एकाने संकलन सांभाळावे. पात्रे चालवण्याचे आणि बोलण्याचे काम सगळ्यांनी वाटून घ्यावे. बोलणारा आणि चालवणारा माणूस एकच असण्याची मुळीच गरज नाही. उलट, ज्याचा आवाज उत्तम आहे त्याच्या हाती माऊस दिला की पात्र भिंतीवर धडकते, असाच अनुभव अधिक.

सगळ्यांचे मत घ्यावे, पण अखेरचा निर्णय कोणाचा हे एका नावावर निश्चित असावे. हौशी गटात कोणी कोणाला पगार देत नाही, त्यामुळे रुसवेफुगवे पैशांवरून न होता श्रेयावरून आणि वेळेवरून होतात. यावर उपाय म्हणजे एका पानाचा लेखी करार. श्रेयनामावलीत कोणाचे नाव कोणत्या कामासाठी येईल, चॅनेलचा पासवर्ड कोणत्या दोघांकडे राहील, पैसे आलेच तर त्यांचे काय करायचे, आणि कोणी मध्येच गट सोडला तर त्याचा मुद्रित आवाज वापरता येईल का, एवढे त्यात असले तरी पुरे. आवाजाची कृत्रिम नक्कल करणारी साधने आता सहज मिळतात. गटातील कोणाच्याही आवाजाची अशी नक्कल त्याच्या लेखी संमतीशिवाय करायची नाही, हेही त्याच पानावर लिहावे. आमच्या गटाने हा करार दुसऱ्या चित्रपटानंतर केला. पहिल्या चित्रपटातला खलनायक चित्रीकरण अर्धे झाले असताना परीक्षेचे कारण सांगून जो गेला तो परतलाच नाही, आणि त्याचे सगळे संवाद पुन्हा मुद्रित करावे लागले.

संहिता

परीक्षेच्या संध्याकाळी आपले पात्र काय काय करू शकते याची जी यादी झाली, ती समोर ठेवून गोष्ट लिहावी. पात्राला रडता येत नसेल तर ते पाठमोरे उभे राहील असा प्रसंग रचावा. दोघांना हस्तांदोलन करता येत नसेल तर एकाने दार उघडून दुसऱ्यासाठी बाजूला व्हावे. मिठी, जेवण, एकमेकांकडे वस्तू देणे आणि चेहऱ्याचे बारीक भाव या चार गोष्टी बहुतेक गेममध्ये अवघड जातात. रुंद निसर्गदृश्ये, प्रवास, पाठलाग, स्फोट, उंचावरून दिसणारे शहर, म्हणजे जे प्रत्यक्ष चित्रपटात सर्वांत महाग असते, ते इथे फुकट मिळते. लिहिणाऱ्याने हा उलटा भाव मनात पक्का केला की त्याच्या लेखणीला आपोआप दिशा मिळते.

पहिला चित्रपट तीन मिनिटांपेक्षा मोठा नसावा. दोन पात्रे, एक जागा, एक अडचण आणि तिचा शेवट, एवढेच घ्यावे. बारा भागांच्या मालिकेचा आराखडा, नायकाचा वंशवृक्ष आणि बोधचिन्ह यांत महिना घालवणारे गट मी पाहिले आहेत. नमनालाच घडाभर तेल जाते आणि पहिला भाग येत नाही. संहिता पूर्ण झाली की सर्वांनी मिळून ती मोठ्याने वाचावी आणि घड्याळ लावावे. वाचताना जिथे जीभ अडखळते ते वाक्य बदलावे, आणि सलग तीन वाक्यांहून लांब असलेला संवाद तोडावा, कारण गेममधील पात्र ओठ हलवत नसेल तर लांब संवादात बोलतो आहे कोण हेच प्रेक्षकाला कळेनासे होते.

आधी आवाज

चित्र थोडे ओबडधोबड असले तरी प्रेक्षक सांभाळून घेतो, पण घुमणारा किंवा फाटलेला आवाज त्याला अर्धे मिनिटही सोसत नाही. शिवाय या कलेत पात्राचा चेहरा बहुधा निश्चल असतो, म्हणजे अभिनयाचा जवळजवळ सगळा भार आवाजावर असतो. या कारणांसाठी संवाद चित्रीकरणाच्या आधी मुद्रित करावेत. संवाद आधी तयार असले की पात्र चालवणाऱ्याला कधी वळायचे, कधी मान डोलवायची हे ऐकून करता येते. उलट क्रमाने गेले तर आधीच झालेल्या हालचालींत वाक्ये कोंबत बसावे लागते.

माइक महाग असण्यापेक्षा खोली शांत असणे महत्त्वाचे आहे. पंखा बंद करावा, खिडकी लावावी, पडदे ओढावेत आणि शक्य झाल्यास कपड्यांनी भरलेल्या कपाटाचे दार उघडून त्याच्याकडे तोंड करून बोलावे. कापड प्रतिध्वनी शोषून घेते. भोवतालचा गोंगाट टाळता येत नसेल तर कंडेन्सर माइकपेक्षा डायनॅमिक माइक बरा, कारण तो जवळचा आवाज घेतो आणि दूरचा फारसा उचलत नाही. तोंड आणि माइक यांत वीतभर अंतर असावे आणि माइक ओठांच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना हवेचा धक्का थेट बसत नाही. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात करावे आणि सर्वांत मोठ्या आवाजाचा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील एवढीच पातळी ठेवावी. ऑडॅसिटी हा फुकट प्रोग्रॅम या कामाला पुरेसा आहे.

गटातील माणसे वेगवेगळ्या ठिकाणी राहत असतील, तर इंटरनेटवरील संभाषण मुद्रित करून भागवू नये. ते आवाज दाबून पाठवलेले असतात आणि मध्येच तुटतात. प्रत्येकाने बोलताना एकमेकांचे ऐकण्यासाठी हेडफोन लावावेत, पण मुद्रण स्वतःच्या संगणकावर करावे. सुरुवातीला सर्वांनी मुद्रण चालू केल्यावर एकाने ‘तीन, दोन, एक’ म्हणावे आणि सर्वांनी एकाच वेळी टाळी वाजवावी. त्या टाळीचा टोकदार आलेख प्रत्येक फाइलमध्ये दिसतो आणि फाइली एकमेकांखाली सहज जुळवता येतात. प्रत्येक वाक्याचे किमान तीन नमुने घ्यावेत: एक लिहिले तसे, एक त्याहून संथ, आणि एक बोलणाऱ्याच्या मनाप्रमाणे. बहुतेक वेळा तिसराच वापरला जातो. उठण्यापूर्वी सर्वांनी अर्धा मिनिट गप्प बसून खोलीची नुसती शांतता मुद्रित करावी. दोन वाक्यांमधली फट भरताना ती लागते, कारण पूर्ण निःशब्दता कानाला खटकते.

मग निवडलेली वाक्ये ओळीने लावून संपूर्ण चित्रपटाचे श्राव्य नाटक तयार करावे आणि ते गटाबाहेरच्या एका माणसाला ऐकवावे. नुसते ऐकून त्याला गोष्ट कळली, तर चित्रीकरणाला लागावे. कळली नाही तर संहितेकडे परत जावे; या टप्प्यावर दुरुस्तीला एक संध्याकाळ लागते, चित्रीकरणानंतर तीच दुरुस्ती महिना खाते.

चित्रीकरणाची तयारी आणि प्रत्यक्ष चित्रीकरण

चित्रीकरण शक्यतो स्वतःच्या खाजगी सर्व्हरवर किंवा बंद सत्रात करावे, नाहीतर ऐन गंभीर प्रसंगात कोणी अनोळखी खेळाडू उड्या मारत येतो. सर्वांकडे गेमची आणि मॉडची एकच आवृत्ती असणे आवश्यक आहे. गेमला नवे अद्यतन आले की जुने मॉड बंद पडतात, कधी कधी इमारतींचे रंगही बदलतात. म्हणून चित्रपट संपेपर्यंत स्वयंचलित अद्यतने जिथे थांबवता येतात तिथे थांबवावीत, आणि जिथे थांबवता येत नाहीत अशा गेममध्ये एका जागेतली सगळी दृश्ये एकाच आठवड्यात उरकावीत.

पडदा मुद्रित करण्यासाठी ओबीएस स्टुडिओ हा फुकट प्रोग्रॅम वापरावा. त्यात मुद्रण एमकेव्ही स्वरूपात ठेवावे, कारण साध्या एमपी-४ फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते आणि संगणक मध्येच बंद पडला तर सगळी फाइल निकामी होते. एमकेव्हीमध्ये तोपर्यंतचे चित्रण वाचते, आणि नंतर ओबीएसमध्येच तिचे रूपांतर करून घेता येते. गेमचा आवाज, माइक आणि गटातील बोलणे यांना वेगवेगळे ट्रॅक द्यावेत. असे सहा ट्रॅक मिळतात. चित्रपट सेकंदाला ३० चौकटींचा (फ्रेमचा) करायचा असेल तर ६० ने मुद्रण केले तरी चालते, कारण एकाआड एक चौकट गाळली की काम होते. मात्र २४ चौकटींचा चित्रपट करायचा असेल तर ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही आणि कॅमेरा फिरताना चित्र अडखळते, तेव्हा आधीच विचार करावा. जागेचा हिशेबही मांडावा. सेकंदाला ५० मेगाबिट या दराने एका तासाच्या चित्रणाला साडेबावीस गिगाबाइट लागतात. तीन मिनिटांच्या चित्रपटासाठी आठ तासांचे कच्चे चित्रण सहज होते, म्हणजे १८० गिगाबाइट रिकामी जागा असल्याशिवाय सुरुवात करू नये.

आता कॅमेऱ्याविषयी, कारण हौशी काम आणि नेटके काम यांतला फरक सर्वांत आधी इथे दिसतो. खेळताना आजूबाजूचे अधिक दिसावे म्हणून गेममध्ये दृष्टिक्षेत्राचा कोन मोठा ठेवलेला असतो. त्या कोनात पात्राजवळ गेले की चेहरा फुगल्यासारखा दिसतो आणि मागची भिंत दूर पळते. हा कोन कमी करून कॅमेरा मागे घेतला की पात्र सुडौल दिसते आणि दृश्याला चित्रपटाचा घाट येतो. माइनक्राफ्टमध्ये हा आकडा सुरुवातीला ७० असतो आणि ३० पर्यंत खाली आणता येतो. संवादाच्या जवळच्या दृश्यांसाठी ३० ते ४० मधला आकडा घेऊन पाहावा. एवढ्या एका बदलाने जे साधते ते कित्येकदा प्रकाशाच्या भारी मॉडनेही साधत नाही. कॅमेरा माऊसने फिरवला तर झटके बसतात. गेमपॅडची काडी हलकेच ढकलून तो अधिक संथ फिरतो. त्याहूनही उत्तम म्हणजे तो फिरवूच नये. स्थिर कॅमेऱ्याची दहा दृश्ये एका डगमगत्या फेरीपेक्षा केव्हाही चांगली.

दोन पात्रे बोलत असतील तेव्हा त्यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा मनात आखावी आणि कॅमेरा सतत तिच्या एकाच बाजूला ठेवावा. रेषा ओलांडली की डावीकडचे पात्र उजवीकडे जाते आणि दोघेही एकाच दिशेला पाहत बोलत आहेत असे वाटू लागते. गेममध्ये कॅमेरा कुठेही उडू शकत असल्याने ही चूक फार सहज होते.

प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळी श्राव्य नाटकातील त्या त्या दृश्याचा तुकडा प्रत्येकाने आपल्या संगणकावर तयार ठेवावा आणि मोजणी संपताच सर्वांनी एकदम वाजवावा. एकाने वाजवून इतरांना इंटरनेटवरून ऐकवला तर प्रत्येकाला तो वेगवेगळ्या वेळी पोहोचतो. बोलणाऱ्या पात्राने मान हलवावी आणि ऐकणाऱ्याने स्थिर राहावे, हा बाहुल्यांच्या खेळातला जुना संकेत इथेही तंतोतंत लागू पडतो. दोघेही हलत राहिले तर बोलतो आहे कोण, हा गोंधळ पुन्हा सुरू होतो. प्रत्येक दृश्याच्या आधी आणि नंतर पाच सेकंद सगळे काही न करता थांबावे, कारण संकलकाला कात्री चालवण्यासाठी तेवढी जागा लागते. कॅमेरा सांभाळणाऱ्याने दर दृश्याआधी तोंडी तपासणी करावी: नावे लपवली, सूचना बंद केल्या, गेममधील वेळ बरोबर आहे, मुद्रण चालू आहे. शेवटची बाब हास्यास्पद वाटेल, पण एकदा दोन तासांच्या मेहनतीनंतर आमच्या हाती केवळ काळा पडदा आला होता, तेव्हापासून पहिले दृश्य घेतल्याबरोबर फाइल उघडून पाहण्याचा आमचा नियम आहे.

दृश्ये गोष्टीच्या क्रमाने घेऊ नयेत. एका जागेतली सगळी दृश्ये एकत्र घ्यावीत. मुख्य दृश्ये झाली की पाच-दहा मिनिटे नुसती जागा टिपावी: रिकामी खुर्ची, हलणारे गवत, दूरचा दिवा. एखादा तुकडा बिघडला असल्याचे संकलनात कळते, तेव्हा ही दृश्ये भोक बुजवतात.

संकलन आणि ध्वनीची जुळणी

संकलनासाठी डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. संगणक अडखळत असेल तर त्यातच कमी आकाराच्या पर्यायी फाइली तयार करून त्यांवर काम करावे आणि शेवटी मूळ फाइली वापराव्यात. श्राव्य नाटक तयारच असल्याने पहिले पाऊल सोपे असते: तो ट्रॅक खाली अंथरावा आणि त्यावर चित्रे लावत जावे. पहिली जुळणी पूर्ण झाल्याशिवाय रंग, शीर्षके किंवा विशेष दृश्यपरिणाम यांना हात लावू नये.

पडद्याच्या खुणा पूर्ण लपवता आल्या नसतील तर वर-खाली काळ्या पट्ट्या देणे हा जुना उपाय आहे. १९२० बाय १०८० च्या चित्रात २.३९ रुंदीचे प्रमाण हवे असेल, तर प्रत्येक पट्टी साधारण १३८ पिक्सेलची येते. मात्र हे चित्रीकरणापूर्वी ठरवावे, नाहीतर पात्रांची डोकी पट्टीखाली जातात.

यानंतर पावले, दार, वारा आणि कपड्यांची सळसळ भरावी. गेममधून मिळणारा पावलांचा आवाज कॅमेऱ्याच्या अंतरावर अवलंबून असतो, त्यामुळे दृश्य बदलले की तो एकदम लहानमोठा होतो. तो काढून टाकून स्वतः मुद्रित केलेला आवाज लावणे बरे. बंद दारामागे वाऱ्याचा एक हलका थर सगळ्या प्रसंगभर ठेवला, तर वेगवेगळ्या दिवशी घेतलेली दृश्येही एकाच जागेतली वाटतात. संगीत संवादाच्या खाली दबलेले असावे. शेवटी संपूर्ण चित्रपटाची ध्वनिपातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजण्याच्या एककाच्या) आसपास आणि सर्वोच्च टोक उणे १ डेसिबलच्या खाली आणावे. यूट्यूब याहून मोठा आवाज स्वतःच कमी करते, त्यामुळे आवाज चढवून ठेवण्यात काही हाशील नाही. तयार चित्रपट एकदा फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकावा. तिथे एखादा शब्द हरवत असेल, तर दोष संगीताचा असतो.

साठवण, प्रकाशन आणि पुढचे वेळापत्रक

फाइलींना पहिल्या दिवसापासून एकाच पद्धतीची नावे द्यावीत: चित्रपटाचे लघुनाम, दृश्याचा क्रमांक, नमुन्याचा क्रमांक. ‘फायनल’, ‘नवे फायनल’, ‘खरे फायनल’ अशी नावे दिसू लागली की वेळीच आवर घालावा. संहिता, आवाज, संकलनाची फाइल आणि तयार चित्रपट यांच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी असावी. कच्चे चित्रण प्रकाशनानंतर सहा महिन्यांनी टाकून दिले तरी चालते. चॅनेलवर चित्रपट आहे म्हणजे तो सुरक्षित आहे, अशा समजुतीत मात्र राहू नये. ह्यू हॅनकॉक यांनी २००० साली सुरू केलेल्या मशीनिमा डॉट कॉम या संकेतस्थळाने या कलेचे नाव रूढ केले, आणि ते नावसुद्धा मूळ इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमधील एका चुकीतून आलेले आहे. पुढे त्याच नावाने वाढलेल्या अवाढव्य चॅनेलवरचे जुने व्हिडिओ जानेवारी २०१९ मध्ये एकाएकी खाजगी झाले, आणि ज्यांनी स्वतःकडे प्रत ठेवली नव्हती त्यांना आपलेच काम दिसेनासे झाले.

प्रकाशित करताना वर्णनात गेमचे नाव, कंपनीच्या नियमांनुसार लागणारा मजकूर, मॉड आणि संगीताचे श्रेय व गटातील प्रत्येकाचे नाव द्यावे. उपशीर्षके स्वतः लिहावीत. संहिता हाताशी असल्याने त्याला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही.

प्रकाशनानंतर आठवड्याच्या आत गटाने तासभर बसून संहिता, आवाज, चित्रीकरण आणि संकलन यांतल्या प्रत्येक कामाला प्रत्यक्षात किती तास लागले हे आठवून कागदावर मांडावे, आणि त्याची बेरीज तयार चित्रपटाच्या मिनिटांनी भागावी. येणारा आकडा पाहून पहिल्या वेळी सगळेच दचकतात. पण पुढचा चित्रपट किती मिनिटांचा असावा आणि त्यासाठी कोणती तारीख जाहीर करावी, हे उत्साहाच्या भरात न ठरवता त्या आकड्यावरूनच ठरवावे, आणि आलेल्या तारखेत आजारपणे, परीक्षा व अद्यतने यांसाठी दोन आठवडे वाढवून मगच ती कोणाला सांगावी.